तीस बिया, एक जुनी सीडी आणि आजीचं झाड

माझ्या लॅपटॉपवर एक एक्सेल शीट आहे. ऑफिसची नाही, गच्चीची. तिच्यात 30 ओळी आहेत: 21 लाल, 2 निळ्या आणि 7 हिरव्या. लाल म्हणजे गेलेलं रोप, निळं म्हणजे कोणाला तरी भेट दिलेलं आणि हिरवं म्हणजे आजही गच्चीवर जिवंत असलेलं. मार्च 2021 मध्ये मी अडेनियमच्या 30 बिया पेरल्या होत्या. त्यांचा हा साडेचार वर्षांचा हिशोब.

मंडळाच्या कार्यक्रमात कोणीतरी माझ्या फोनवर फोटो बघतं आणि विचारतं, "किती दिवसांत तयार होतं रे हे बोन्साय?" तेव्हा मी ती शीट उघडून दाखवतो. विचारणारा हसतो, आणि पुढचा प्रश्न बहुतेक वेळा येत नाही. म्हणून म्हटलं, एकदा सगळं नीट लिहूनच काढावं. मी वनस्पतिशास्त्राचा माणूस नाही. इंजिनिअरिंग केलं, हायटेक सिटीत नोकरी करतो आणि सकाळी कॅब यायच्या आधी वीस मिनिटं झाडांकडे बघतो, एवढंच.

पहिलं झाड प्रेमानं मेलं

2019 च्या जानेवारीत नेकलेस रोडच्या नर्सरी मेळ्यात मी पहिलं अडेनियम घेतलं. साडेसहाशे रुपये. खाली गणपतीच्या पोटासारखं गोल खोड, वर चार फांद्या आणि गडद गुलाबी फुलं. विकणाऱ्या चाचांनी अस्सल दखनीत सांगितलं होतं, "पानी कम देव, धूप बहुत देव, और भूल जाव."

पहिल्या दोन गोष्टी जमल्या असत्या. तिसरी जमली नाही. घरात आई आहे, आजी आहे आणि दोघींचं म्हणणं एकच: झाडाला रोज पाणी हवं. आई सकाळी तुळशीला घालायची तेव्हा याला घालायची, मी संध्याकाळी घालायचो. जूनमध्ये पाऊस सुरू झाला तेव्हा कुंडी उघड्यावरच होती. जुलैत पानं पिवळी पडली. आम्हाला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून आणखी घातलं. एके दिवशी खोड बोटानं दाबून पाहिलं तर पिकलेल्या चिकूसारखं आत गेलं. उपटलं तेव्हा खाली मुळं नव्हतीच, नुसता वास होता.

आईला फार वाईट वाटलं. मी तेव्हा जरा वाकडं बोललो तिला. नंतर वाचल्यावर कळलं की चूक माझीही तेवढीच होती. अडेनियमचं ते गोल पोट म्हणजे पाण्याची टाकी असते. टाकी भरलेली असताना आपण ओतत राहिलो तर ती सडते.

एडनचं झाड

अडेनियम मूळचं सहारा वाळवंटाच्या दक्षिण काठावरचं, पूर्व आफ्रिकेतलं आणि अरबस्तानाच्या दक्षिण टोकाचं. नावातलं 'अडेन' म्हणजे येमेनमधलं एडन बंदर. इंग्रजीत डेझर्ट रोझ म्हणतात खरं, पण गुलाबाशी याचं काही नातं नाही. याचं कूळ कण्हेर, चाफा आणि सदाफुलीचं. फूल नीट पाहिलंत तर कण्हेरीची आठवण येतेच.

या झाडाच्या शोधाची गोष्ट मला फार आवडते. 1761 मध्ये डेन्मार्कच्या राजानं सहा जणांची एक तुकडी अरबस्तानाच्या अभ्यासाला पाठवली. त्यात पीटर फोर्स्कोल नावाचा तरुण वनस्पतितज्ज्ञ होता, लिनियसचा शिष्य. त्यानं येमेनमध्ये शेकडो वनस्पतींच्या नोंदी केल्या आणि जुलै 1763 मध्ये तिथेच हिवतापानं वारला. वय अवघं एकतीस. सहा जणांपैकी परत घरी पोचला तो एकटा कार्स्टन नीबूर. हा नीबूर येमेनहून जहाजानं थेट मुंबईला आला होता, आणि मुंबईच्या मुक्कामात त्यानं घारापुरीच्या लेण्यांची मोजमापं घेऊन चित्रं काढली. पुढे 1775 मध्ये त्यानंच आपल्या मृत मित्राच्या नोंदी पुस्तकरूपानं छापल्या. आपलं झाड त्यात 'निरियम ओबेसम' या नावानं आहे. निरियम म्हणजे कण्हेर आणि ओबेसम म्हणजे लठ्ठ. लठ्ठ कण्हेर! 1819 मध्ये त्याला अडेनियम हे स्वतंत्र नाव मिळालं, लठ्ठपणा मात्र आजही नावात कायम आहे: अडेनियम ओबेसम.

बोन्सायसाठी ओबेसम आणि अरेबिकम हे दोन प्रकार जास्त चालतात. अरेबिकमचं खोड बुडाशीच पसरट होतं आणि फांद्या खालूनच फुटतात, त्यामुळे ते लहानपणीच म्हाताऱ्या वृक्षासारखं दिसायला लागतं. थायलंड आणि तैवानच्या बागवानांनी या झाडांवर खूप काम केलं आहे. आपल्याकडे मिळणाऱ्या दुहेरी-तिहेरी पाकळ्यांच्या जाती बहुतेक कलमाच्या असतात. फुलांची हौस असेल तर कलम घ्यावं. खोड आणि मुळं घडवायची असतील तर बीच पेरावं, कारण फांदी लावून केलेल्या रोपाला तसं सुरेख पोट सहसा येत नाही.

पेरणी

बी दिसायला जिऱ्याच्या मोठ्या भावासारखं असतं. मी बिया तीन-चार तास कोमट पाण्यात भिजवल्या, पाण्यात चिमूटभर बुरशीनाशक घातलं आणि पसरट ट्रेमध्ये आडव्या ठेवून वर अगदी पातळ थर दिला. माती म्हणजे नावाला माती: दोन भाग जाड वाळू आणि विटांचा चुरा, एक भाग कोकोपीट, थोडं गांडूळखत. मार्चमधलं हैदराबादचं ऊन या कामाला एकदम योग्य. पाचव्या दिवशी पहिला कोंब वर आला, दहाव्या दिवसापर्यंत 24 आले. सहा आलेच नाहीत. शीटमधल्या पहिल्या सहा लाल ओळी त्या.

कोंब आल्यावर आठवड्याभरात आणखी पाच गेले. संध्याकाळी ताठ उभं असलेलं रोप सकाळी बुडाशी बारीक होऊन आडवं पडलेलं. ही बुरशी ओल आणि कोंडलेल्या हवेमुळे येते. ट्रेवर प्लॅस्टिकचं झाकण ठेवलं होतं, ते काढलं आणि मरणं थांबली. उरली 19. दोन महिन्यांनी, प्रत्येकाला सहा-आठ पानं आल्यावर, ती वेगवेगळ्या चार इंची कुंड्यांत लावली. त्या वयातच करंगळीएवढ्या रोपाच्या बुडाशी वाटाण्याएवढं पोट दिसायला लागलं होतं. घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं मी.

तो पावसाळा आणि नंतरची थंडी यांत पाच गेली. उरली 14. पावसाळ्यात कुंड्या छपराखाली हव्यात, हे ज्ञान मला दुसऱ्यांदा विकत घ्यावं लागलं.

सीडीचा उपयोग

आता मुख्य काम. वामनवृक्षाचा सगळा जीव मुळांच्या पसाऱ्यात असतो. जपानी लोक जमिनीलगतच्या त्या मुळांच्या पसाऱ्याला नेबारी म्हणतात. वडाच्या पारावर बसताना पायाखाली जशी मुळं चारी दिशांना गेलेली दिसतात, तसं काहीतरी. अडेनियमचं रोप मात्र आपलं सोटमूळ गाजरासारखं सरळ खाली घालतं. ते तसंच राहू दिलं तर वर बाटली आणि खाली गाजर, असा आकार होतो. म्हणून सोटमूळ कापायचं आणि बाजूची मुळं आडवी पसरायची.

मार्च 2022 मध्ये, रोपं वर्षाची झाल्यावर, मी हे केलं. आधी आठवडाभर पाणी बंद. मग रोप काढून मुळं धुतली. सोटमूळ पोटाच्या खाली आडवं, सपाट कापलं. खाली जाणारी मुळं काढली आणि बाजूची पाच-सहा चांगली मुळं ठेवली. कापल्या जागी बुरशीनाशकाची पूड लावून रोपं सावलीत वर्तमानपत्रावर पाच दिवस नुसती ठेवली. हे पाच दिवस फार अवघड जातात. मातीबाहेर पडलेलं रोप बघून आई दर दोन तासांनी विचारायची, "आता तरी लावतोस का?" पण जखम सुकल्याशिवाय लावलं तर ती सडते.

लावताना मुळांखाली काहीतरी सपाट ठेवावं लागतं, म्हणजे नवी मुळं खाली न जाता आडवी जातात. कोणी फरशीचा तुकडा ठेवतं, कोणी प्लॅस्टिकची चकती. माझ्याकडे कॉलेजच्या काळातल्या सीडींचा अख्खा डबा होता. बारा सेंटिमीटरची गोल, गुळगुळीत चकती, मधोमध पाणी निथळायला भोक. मुळं तिच्यावर सूर्यकिरणांसारखी पसरली आणि सुती दोऱ्यानं हलकेच बांधली. चौथ्या सेमिस्टरच्या प्रोजेक्टवर आज एक अडेनियम उभं आहे. त्या प्रोजेक्टचा एवढा उपयोग आधी कधीच झाला नव्हता.

लावल्यावर पुन्हा पाच-सहा दिवस पाणी नाही. मग थोडं. महिनाभरात नवी पानं आली तर समजायचं की जमलं. 13 रोपं कापली, त्यातली तीन गेली.

13 का, 14 का नाहीत? कारण चौदावं आजीचं होतं.

आजीचं झाड

आजी 84 वर्षांची. नांदेडकडची, लग्न होऊन काचीगुड्याला आली आणि साठ वर्षं हैदराबादेत काढूनही तिची बोली तीच राहिली. मी गच्चीत चाकू, कात्री, पूड मांडून बसलो होतो. ती खुर्चीवर बसून बघत होती. तिसरं सोटमूळ कापलं तेव्हा म्हणाली, "काय करायलास रे हे?"

मी उत्साहानं सगळं समजावलं. नेबारी, आकार, पाच वर्षांनी कसं दिसेल ते. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वाढणाऱ्या जिवाला असं दाबू नये. त्याला वाढू दे की."

मी म्हटलं, "दाबत नाहीये आजी, वळण लावतोय."

"वळण लेकरांना लावत्यात. पाय कापून लावत नाहीत."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग तिनंच तोडगा काढला. एका कुंडीकडे काठी दाखवून म्हणाली, "हे माझं. ह्याला हात लावायचा नाही." मी शीटमध्ये त्या ओळीपुढे 'आजी' असं लिहिलं.

मनात म्हटलं, बरंच झालं, तुलनेला एक न कापलेलं झाड राहील. माझी कापलेली झाडं कशी देखणी होतात आणि तिचं कसं नुसतं उंच वाढतं, ते तिला दोन वर्षांत दिसेल.

मे 2022 मध्ये 14 महिन्यांचं आजीचं झाड फुललं. सगळ्यांत आधी. गुलाबी, मध्ये पांढरं. माझ्या झाडांची मुळं तेव्हा कुठे सावरत होती, आणि त्यांना पहिलं फूल यायला आणखी वर्ष लागलं. आजी काही बोलली नाही. फक्त गच्चीवर येणाऱ्या प्रत्येकाला तिनं ते फूल दाखवलं, दूधवाल्यालासुद्धा.

कारण सरळ आहे. प्रत्येक कापणीनंतर झाड आपली शक्ती जखम भरायला आणि नवी मुळं-फांद्या काढायला वापरतं. फूल लांबणीवर पडतं. आकार हवा असेल तर फुलांची घाई सोडावी लागते. हे कुठे वाचलं असतं तर मी मान डोलावून पुढे गेलो असतो. आजीच्या कुंडीनं ते नीट समजावलं.

वरची छाटणी आणि दरवर्षीचा इंच

मुळं बसली की वरचं काम. फेब्रुवारीअखेर किंवा मार्चमध्ये, थंडी संपून नवी पालवी फुटायच्या बेतात असताना, शेंडा कापायचा. कापाच्या खालून दोन-तीन, कधी चार फुटवे येतात. पुढच्या वर्षी ते पुन्हा आखूड करायचे. एकाच्या दोन, दोनाच्या चार, असा पसारा वाढतो. तीन वर्षांत छत्रीसारखा घेर येतो. पाती स्पिरिटनं पुसून घ्यावी आणि काप कोरडा राहील असं बघावं. इथे अनडूचं बटण नाही, म्हणून कात्री लावायच्या आधी झाड दोन दिवस सगळ्या बाजूंनी बघून घ्यावं. फांद्या वळवायला तार वापरतात, पण अडेनियमची साल मऊ असते आणि तार लवकर रुतते. मी दोऱ्यानं ओढून कुंडीच्या काठाला बांधतो.

दर वर्षी-दीड वर्षानं कुंडी बदलताना झाड आधीपेक्षा साधारण एक इंच वर उचलून लावायचं. मातीत लपलेली मुळं अशी हळूहळू उघडी पडतात, त्यांच्यावर खोडासारखी साल येते. पण घाई करू नये. मुळं मातीत असताना जास्त जाड होतात आणि उघडी पडल्यावर सावकाश. कुंडी पसरट आणि उथळ हवी. खत बेताचंच: नत्र जास्त झालं की फांद्या लांबोडक्या आणि लुळ्या होतात. हिवाळ्यात पानं गळाली तर घाबरू नका, झाड झोपलंय. तेव्हा पाणी अगदीच कमी. एरवी बोट दोन इंच मातीत खुपसायचं, कोरडं लागलं तरच पाणी.

शत्रूंची यादी छोटी आहे. पानांच्या बेचक्यात कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर ब्रशनं काढून कडुनिंबाच्या तेलाची फवारणी करावी. उन्हाळ्यात पानांखाली लाल कोळी येतो. आणि एक पाहुणा म्हणजे कण्हेरीवर येणारी जाड हिरवी अळी, डोक्यामागे दोन निळे डोळे असल्यासारखे ठिपके. ती एका रात्रीत झाड बोडकं करते. तिचा पतंग फार सुंदर असतो म्हणून मी तिला उचलून खालच्या कण्हेरीवर नेऊन सोडतो.

घरात लहान मुलं किंवा कुत्रं-मांजर असेल तर हे नक्की वाचा: कण्हेरीसारखाच अडेनियमचा चीक विषारी आहे. तो हृदयावर परिणाम करतो. आफ्रिकेत काही ठिकाणी शिकारीच्या बाणांना तो लावत असत. छाटणी करताना हातमोजे घालावेत, डोळ्यांना हात लावू नये, नंतर साबणानं हात धुवावेत. माझी मुलगी सहा वर्षांची आहे. तिला पाणी घालायची परवानगी आहे, पान तोडायची नाही, आणि कापणीच्या दिवशी ती गच्चीवर येत नाही.

खरं बोन्साय?

काही जाणकार म्हणतात की अडेनियमला बोन्साय म्हणूच नये. पिंपळ, चिंच, जुनिपर ही खरी झाडं, त्यांचं लाकूड वेगळं. हे तर मांसल खोडाचं, पाणी साठवणारं झाड. मुद्दा बरोबर आहे. पण नवशिक्याला शिकायला याच्याइतकं चांगलं झाड नाही. चिंचेच्या खोडाला जे वय यायला दहा-पंधरा वर्षं लागतात, ते इथे चार-पाच वर्षांत दिसायला लागतं. आणि आठवडाभर गावाला गेलात तर हे रुसत नाही.

आजीच्या आक्षेपाचं उत्तर मात्र मला अजून पूर्ण सापडलेलं नाही. कुंडीत लावलेलं कुठलंही झाड आपण अडवतोच, असं मी स्वतःला सांगतो. कधी पटतं, कधी नाही.

2024 च्या मे महिन्यात वळवाचा जोरदार वादळी पाऊस झाला. सकाळी गच्चीवर गेलो तर आजीचं झाड मधोमध मोडलेलं. ते तोवर साडेतीन फूट झालं होतं, बारीक आणि उंच, काठीच्या आधारानं उभं. काठीसकट मोडलं होतं. तिला सांगायला मला धीर होईना. शेवटी हात धरून वर आणलं. तिनं मोडलेल्या जागेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "राहू दे. बघू."

मी मोडलेला भाग सरळ कापून पूड लावायला परवानगी मागितली. तेवढी मिळाली. महिन्याभरात त्या कापाखालून तीन फुटवे आले, माझ्या कुठल्याही झाडापेक्षा जोमदार. न राहवून म्हटलं, "बघ आजी, कापल्यावर कसं फुटलं ते."

आजी म्हणाली, "वाऱ्यानं मोडलं ते वेगळं. त्याला आकार थोडाच द्यायचा होता?"

सध्या त्या झाडाला तीन फांद्या आहेत आणि एक जोडशेंग, बैलाच्या शिंगांसारखी. फुलाच्या आतले पराग बारीक ब्रशनं एका झाडावरून दुसऱ्यावर नेऊन मी ती मुद्दाम धरवली आहे, कारण आपल्याकडे ती आपोआप क्वचितच धरते. पिकायला दोन-तीन महिने लागतात आणि पिकली की फुटून बिया दोन्ही टोकांच्या केसाळ शेपट्यांवर उडून जातात. म्हणून शेंगेला दोरा गुंडाळून ठेवला आहे. गाठ आजीनं मारली.

बिया निघाल्या की मंडळाच्या पुढच्या मेळाव्याला घेऊन येईन. ज्यांना हव्यात त्यांनी छोटी डबी आणावी. पेरायचा मुहूर्त फेब्रुवारी-मार्चचा. किमान दहा बिया न्या, कारण सगळ्या जगणार नाहीत. आणि दहातलं एक रोप घरातल्या कोणाच्या तरी नावावर करून न कापता ठेवा.